खानदेशाला संस्थान मिळाले नाही, हे दुर्दैव की सुदैव?

गिरणाकाठ :
परवा 'एरंडोलकर' यांनी असा सिद्धान्त मांडला की, १८१८ मध्ये खानदेश थेट कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, म्हणूनच तो मागे पडला. बडोद्याला सयाजीराव मिळाले, कोल्हापूरला शाहू महाराज मिळाले आणि आपल्या नशिबी मात्र बदलीची वाट पाहणारा कलेक्टर आला, असे त्यांचे म्हणणे. ते वाचून डोके इतके तापले की चार ओळींत उत्तर देणे शक्य झाले नाही.

संस्थान म्हटले की आपल्याला सयाजीराव आठवतात. त्यांच्या आधीचे मल्हारराव मात्र सोयीस्करपणे विसरले जातात. त्याच गादीवर १८७० पासून मल्हारराव बसले होते, सोन्याच्या तोफा ओतवून घेत होते आणि रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की १८७३ मध्ये इंग्रजांना चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे रेसिडेंट (दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी) फेअर यांच्यावरील विषप्रयोगाचे प्रकरण झाले आणि १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यांना प्रजेने काढले नाही, इंग्रजांनी काढले. नव्या राजाचे, म्हणजे सयाजीरावांचे, दत्तकविधान इंग्रजांच्या संमतीने झाले आणि तो सज्ञान होईपर्यंत कारभार पाहणारे दिवाण टी. माधवराव हेही त्यांच्याच पसंतीचे होते. मग या चांगल्या राज्याचे श्रेय नेमके कोणत्या व्यवस्थेला द्यायचे?

माझ्या आईचे माहेर अजिंठ्याच्या घाटापलीकडचे, म्हणजे निजामाच्या मुलखातले. तेथे वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते, म्हणून आजोबांना लहानपणीच घाट उतरून पाचोऱ्याकडच्या नातेवाइकांकडे राहावे लागले आणि ते मराठीतून शिकले. संस्थानच्या प्रजेला शिकण्यासाठी कलेक्टरच्या जिल्ह्यात यावे लागले, हे आमच्या घरात कोणी पुस्तकातून वाचलेले नाही.

एरंडोलकर :
गिरणाकाठ भाऊ, आपण निजामाचे उदाहरण घेतले, कारण ते सोयीचे आहे. मी बडोद्याविषयी लिहिले होते, तेव्हा बडोद्याविषयीच बोलू.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्यात मोफत व सक्तीचे केले. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी तसेच विधेयक १९११ मध्ये आणले, तर पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्याचा कायदा १९१८ साली आला, तोही नगरपालिकांना वाटले तर सक्ती करण्याची मुभा देणारा. खेड्यांचा त्यात विचारच नव्हता. सुरतेहून अमळनेरकडे येणाऱ्या तापी खोरे रेल्वेत बसले की आधी गायकवाडांचे सोनगड लागते आणि मग आपले नवापूर. दोन्हीकडे तेच डोंगर आणि तीच माणसे. सोनगडला सयाजीरावांच्या कारकिर्दीत आदिवासी मुलांचे वसतिगृह निघाले. आपल्याकडे इंग्रजांनी १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांची पलटण उभारली. एका सरकारने पाटी दिली, दुसऱ्याने बंदूक दिली, आणि तरीही आपण कलेक्टरचे गोडवे गाता.

कलेक्टरी राज्य रयतेचे किती ऐकत होते, हेही सांगतो. १८५२ मध्ये जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर आणि आमच्या एरंडोलला हजारो शेतकरी जमले, तेव्हा त्यांच्यापुढे सैन्य आणून उभे केले गेले. राजा निदान दरबारात भेटला तरी असता. आणि हो, सयाजीराव हे मुळात खानदेशचेच पुत्र होते, हेही या निमित्ताने लक्षात घ्यावे.

मोसमखोरे :
या शेवटच्या वाक्याला माझा तीव्र आक्षेप आहे. सयाजीरावांचे जन्मगाव कौळाणे मालेगाव तालुक्यात आहे आणि मालेगाव तालुका नाशिक जिल्ह्यात आहे. दुसऱ्याच्या अंगणातला माणूस आपला म्हणून सांगण्याची ही सवय बरी नव्हे.

एरंडोलकर :
सयाजीरावांचा जन्म १८६३ चा आणि नाशिक जिल्हा निर्माण झाला १८६९ मध्ये. तोपर्यंत मालेगाव खानदेशातच मोडत होते. जन्मलेल्या मुलाचा जिल्हा सहा वर्षांनी बदलतो, असा नियम असल्यास तो दाखवावा.

मोसमखोरे :
नियम तुम्हीच दाखवा. या न्यायाने नांदगाव आणि बागलाणही मागून घ्याल. नाशिकचे लोक आम्हाला खानदेशी समजतात, धुळ्याचे लोक नाशिककर समजतात. सन्मानाचा प्रश्न आला की दोघेही हात पुढे करतात आणि गिरणेच्या आवर्तनाचा प्रश्न आला की दोघांनाही आमचा तालुका नकाशावर दिसत नाही. शिवाय तो मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षरओळखीवाचून गुरे राखत होता. त्या बारा वर्षांत तुमच्या खानदेशाने त्याला काय दिले, हेही सांगावे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी कौळाण्याच्या काशीरावांच्या, म्हणजे सयाजीरावांच्या वडिलांच्या, तिन्ही मुलांच्या गोष्टी सांगत, आणि त्यांपैकी एकाही गोष्टीत खानदेशाचे नाव आल्याचे मला स्मरत नाही.

गिरणाकाठ :
मोसमखोरे यांनी नकळत माझाच मुद्दा सिद्ध केला. खेड्यातील एक निरक्षर मुलगा निवडला गेला आणि तो असामान्य निघाला, ही लॉटरी होती. इंदूरच्या होळकरांकडे तीच लॉटरी उलटी लागली. मुंबईतील व्यापारी बावला यांच्या खुनात दरबारची माणसे गुंतल्यानंतर तुकोजीरावांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. सयाजीरावांची धारासभासुद्धा (राज्याचे विधिमंडळ) मुख्यतः सल्ला देण्यापुरतीच होती. आमच्या कलेक्टरी खानदेशात फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. एखाद्या संस्थानात असे अधिवेशन राजाने भरू दिले असते का, एवढेच एरंडोलकरांनी सांगावे.

एरंडोलकर :
ते अधिवेशन कलेक्टरने भरवले नव्हते. ते आमच्या वाडवडिलांनी भरवले. त्याचेही श्रेय इंग्रजांच्या खात्यात जमा करणार असाल, तर आपल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

अक्राणी :
आपण सर्व जाणकार मंडळी आहात, म्हणून इतका वेळ गप्प होतो. खानदेशात संस्थान नव्हते, हे आपण सर्वांनी गृहीतच धरले आहे. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर ही सातपुड्यातील भिल्ल सरदारांची सहा छोटी मेवासी संस्थाने मग कोठे होती? काठीची राजवाडी होळी पाहायला आपण दरवर्षी गाड्या करून येता. तो राजवाडा कोणाचा, हा प्रश्न पडला नाही का?

आपल्या दोघांनाही गैरसोयीची गोष्ट अशी की, आमच्या वाट्याला राजाही आला आणि कलेक्टरही आला. पाडवी, वळवी, वसावे हे आमचे राजे होते आणि जिल्ह्याचा कलेक्टर हाच त्यांच्यावर देखरेख करणारा इंग्रजांचा पोलिटिकल एजंट होता. ब्रिटिश सरकारच्या १९३६ च्या आदेशात नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि या सहा मेवाशांची गावे 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरवण्यात आली. त्याचा परिणाम असा की, मुंबईच्या विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा गव्हर्नरने स्वतंत्र अधिसूचना काढल्याशिवाय आमच्याकडे लागू होत नव्हता. म्हणजे राजाकडे शाळा काढण्याइतका पैसा नव्हता आणि सरकारकडे कायदा न आणण्याची सोय होती. माझ्या आज्याने राजाच्या माणसांची वेठ केली आणि जंगल खात्याच्या साहेबांचे सामानही डोंगरावर वाहिले. त्यातली कोणती वेठ अधिक चांगली, हे त्याने आम्हाला कधी सांगितले नाही.

एरंडोलकर :
मेवासी राजांचा उल्लेख माझ्या लिखाणात यायला हवा होता, एवढे म्हणायला माझी हरकत नाही. परंतु मूठभर गावांचे ठाणे म्हणजे बडोदा नव्हे. त्या राजांना इंग्रजांनी हातपाय बांधून ठेवले होते. त्यावरून संस्थानी कारभाराची परीक्षा होत नाही.

अक्राणी :
हातपाय सर्वांचेच बांधलेले होते. गायकवाडांच्या दोरीची लांबी अधिक होती, इतकेच. आणि ठाणे लहान असले तरी त्यात राहणारी माणसे लहान होत नाहीत, हे कृपया ध्यानात असू द्यावे.

गिरणाकाठ :
अक्राणी दादा, कायद्यांविषयीचा आपला मुद्दा बिनतोड आहे. तो कलेक्टरी राज्याविरुद्ध जातो, हेही मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र तो एरंडोलकरांच्या बाजूने जातो, असे त्यांनी समजू नये.

मोसमखोरे :
सर्वांचे समाधान झालेले दिसते, म्हणून विचारतो : कौळाण्याचे काय ठरले?

एरंडोलकर :
१८६९ पर्यंत खानदेशचे आणि त्यानंतर आपले. बारा वर्षांपैकी सहा आमच्या, सहा आपल्या. यापुढे एक दिवसही सोडणार नाही.

अक्राणी :
ही वाटणी पूर्ण झाली असेल, तर सोनगडविषयी एक सांगतो. ते वसतिगृह खरोखरच चांगले होते. आमच्या आत्याच्या सासरचे एक वृद्ध गृहस्थ तेथे राहून शिकले होते आणि पुढे मास्तर झाले. एरंडोलकरांचा तेवढा मुद्दा मी मान्य करतो. परंतु त्यांच्यासाठी तो दरवाजा उघडला, कारण त्यांचे गाव हद्दीच्या त्या बाजूला होते. आमचे गाव अलीकडे होते आणि आमच्याकडे पहिली शाळा यायला देश स्वतंत्र व्हावा लागला.