टीआरएस-80 मॉडेल 100: जुनी काच वाचवायची की नवा डिस्प्ले बसवायचा?

खटपट्या: टँडीचा हा 1983 चा पोर्टेबल संगणक. डिस्प्ले 240 बाय 64 ठिपक्यांचा, म्हणजे 40 अक्षरांच्या 8 ओळी. एलसीडीच्या काचेवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म, चिकटवलेली असते. तिच्यातलं सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट दमट उकाड्यात कुजतं, अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. मग कडेला तपकिरी डाग, बुडबुडे आणि व्हिनेगरचा वास. अशी काच कवटाळून बसण्यात काय हशील? बॅकलाइटवालं मॉड्यूल, म्हणजे तयार नवा डिस्प्ले, बसवा, मोकळे व्हा.

काचवाला: साफ चूक. कुजते ती फिल्म, काच नव्हे. फिल्मचा कोपरा प्लॅस्टिकच्या पातीने उचला आणि काचेला जवळपास समांतर ओढा. सरळ वर खेचाल तर काच तडकेल. उरलेल्या गोंदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला टिश्यू दहा-पंधरा मिनिटं ठेवा. अल्कोहोल कडेच्या सीलपर्यंत ओघळू द्यायचं नाही.

नवी फिल्म कापण्याआधी यंत्र चालू करा आणि ती काचेवर हाताने फिरवून बघा. अक्षरं उजळ आणि पार्श्वभूमी काळी दिसली, तर 90 अंशांनी चुकलात. लोक फसतात ते इथेच: 45 अंशांत कापलेली पट्टी 180 अंश फिरवून काही बदलत नाही, आणि उलटी करावी तर गोंद एकाच बाजूला. म्हणून कापण्याआधी लायनरवर, म्हणजे गोंद झाकणाऱ्या संरक्षक पापुद्र्यावर, खूण करा. दिसणारा भाग साधारण 19 बाय 5 सेंमी आहे. तिरका कापायला 20 सेंमीचा चौकोनी तुकडा पुरतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली फिल्म त्यामानाने तोकडी पडते.

खटपट्या: आणि मागची फिल्म? तिच्यामागे परावर्तक असतो. तिथे साधा पोलरायझर लावला तर काच आरपार दिसेल, अक्षरं वाचताच येणार नाहीत.

काचवाला: बरोबर. म्हणून मागची फिल्म ठीक असेल तर तिला हात लावू नये. खराबच असेल तर परावर्तक थरासकट मिळणारी घ्यावी.

चार_सेल: मॉड्यूलवाल्यांना एक विचारायचंय. मूळ बोर्डावर 50-50 स्तंभ सांभाळणाऱ्या दहा एचडी44102 डिस्प्ले-चालक चिप आहेत आणि प्रोग्राम थेट त्यांच्याशीच बोलतो. बाजारातल्या 240 बाय 64 मॉड्यूलचा कंट्रोलर वेगळा, म्हणजे मध्ये भाषांतर करणारा मायक्रोकंट्रोलर आला. त्यात बॅकलाइट जोडा. चार एए सेलवर वीसेक तास चालणाऱ्या यंत्राची मजाच गेली की!

खटपट्या: पण चिपच गेली असेल तर? अर्ध्या उंचीचा, 50 ठिपके रुंद चौकोन कोरा दिसतो. फिल्म बदलून तो येणार आहे का?

काचवाला: नाही येणार. पण एकेक उभी रेघ गायब असेल तर आधी काच आणि बोर्ड यांच्यामधली झेब्रा पट्टी (दोन्ही जोडणारी वीजवाहक रबरी पट्टी) अल्कोहोलने पुसा. आणि सगळाच डिस्प्ले फिका असेल तर काच उघडण्याआधी डिस्प्लेच्या कॉन्ट्रास्टची फिरकी फिरवून बघा, उणे 5 व्होल्ट मोजा, गळके इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. उणे व्होल्टेज पडलं की चांगली काचही मेल्यासारखी दिसते.

खटपट्या: कपॅसिटर आधी, हे मान्य. पण चौकोन कोरा असेल तर माझं मत तेच. त्यासाठी दुसऱ्या चालू यंत्राचा डिस्प्ले काढून लावणार असाल, तर त्यापेक्षा मॉड्यूल बरं.