क्लासने नेमकं किती काम करावं?

कोडकिडा: आमच्या प्रोग्रॅममध्ये 'इन्व्हॉइस' (बिल) नावाचा एक क्लास आहे, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेला कोडचा तुकडा. बेरीज तोच करतो, कर तोच लावतो, पीडीएफही तोच काढतो आणि डेटाबेसमध्ये सेव्हही तोच करतो. छापील प्रतीत दशांश नकोत म्हणून कुणीतरी राउंडिंगचं (आकडा जवळच्या आकड्यावर आणण्याचं) फंक्शन बदललं. कराच्या हिशेबातही तेच वापरलेलं! सगळे आकडे हलले. माझं मत सरळ आहे: फोडा. एका क्लासला एकच जबाबदारी.

जुनाखोड: फोडलेलं रूपही बघितलंय. कॅल्क्युलेटर, व्हॅलिडेटर, फॉरमॅटर, सेव्हर, आणि या सगळ्यांना हाकायला एक मॅनेजर. प्रत्येकात जेमतेम एक मेथड (क्लासमधलं फंक्शन), वर एकुलत्या एका क्लाससाठी वेगळा इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड हव्यात याची नुसती यादी. सवलतीचं एक फील्ड (माहितीचा रकाना) वाढवायचं तर सगळ्या फायली उघडा. गुंता तेवढाच राहतो, फक्त क्लासांच्या मधल्या जागेत जाऊन बसतो.

कोडकिडा: मेथड कुणी मोजायला सांगितल्या? 'एकच जबाबदारी'ची रॉबर्ट मार्टिन या सॉफ्टवेअर-लेखकांची व्याख्या आहे, क्लास बदलण्याचं कारण एकच असावं.

अर्धविराम: कारणं काय, हवी तितकी काढता येतात. त्यांनीच पुढे खुलासा केला की बदल कोण मागतंय ते बघा. बेरीज आणि कर, दोन्ही हिशेब विभाग मागतो. ते एकत्र राहू देत. पीडीएफचं रूप दुसरंच कुणी ठरवतं, ते बाहेर काढा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास 1972 मध्येच सांगून गेले की जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र भागाच्या) आत लपवा.

जुनाखोड: काय बदलणार हे आधी कुणाला कळलंय? त्यापेक्षा गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही बघा. ज्या फायली दर वेळी एकाच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) बदलतात, त्या उगाच वेगळ्या केल्यात. नव्या कोडला लॉग नसतो, म्हणून आधी एकत्र ठेवा आणि गरज पडली की फोडा.

कोडकिडा: तोवर निम्मा कोडबेस त्या क्लासला चिकटलेला असतो, मग हात कोण लावणार? आजही कराची साधी टेस्ट चालवायची तर डेटाबेस उभा करावा लागतो.

जुनाखोड: टेस्टचं मान्य. सेव्ह बाहेर काढा. पण कराचा हिशेब वेगळा तोडलात तर त्याला सगळी फील्डं लागणार, मग गेटर (फील्ड बाहेर वाचायला देणाऱ्या मेथड) लिहीत बसा आणि आतलं सगळं चव्हाट्यावर.

अर्धविराम: ठीक. राउंडिंगची मात्र दोन फंक्शनं हवीत, एक हिशेबाचं, एक छपाईचं. आज दोन्हींतला कोड जवळजवळ सारखा असेल. रिव्ह्यूमध्ये (सहकारी कोड तपासतात तेव्हा) कुणीतरी 'डुप्लिकेट आहे' म्हणत ती परत एकत्र करणार, त्याला कसं अडवायचं ते सांगा.