मदत हवी आहे : मोठ्यानं वाचता येतील अशा अद्भुत कथांचा संग्रह सुचवा
नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी जमून एक कथा मोठ्यानं वाचतो. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ (१९७९) संपवला. अकरावी-बारावीची पोरं जागची हलली नाहीत. मग जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ (१९७२) घेतला. माझा फार जिव्हाळ्याचा, पण ऐकणाऱ्यांच्या हातून धागा सुटतो. लांब वाक्य कानावरून निघून जातं, पान उलटून मागं जाता येत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा बऱ्याच जणांच्या आधीच वाचून झाल्यात, शेवट माहीत असतो.

आता हवंय ते असं : कथा अर्ध्या-पाऊण तासात संपावी, जग आपलंच पण त्यात एखादी भलतीच गोष्ट घडलेली, आणि शेवटी तिचा सगळा खुलासा करून टाकलेला नसावा. नुसती भुतंखेतं नकोत. मूळ मराठी किंवा चांगला अनुवाद, दोन्ही चालेल. प्रत मात्र छापीलच लागेल, कारण पुस्तक पुढं घरोघरी फिरतं. लातूर किंवा संभाजीनगरहून मागवता येईल.

तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून पाहिलेला असा कोणता संग्रह आहे, आणि त्यातली कुठली कथा आधी घ्यावी?