मदत हवी आहे: ईस्ट ससेक्स, तीन दिवस, चार वेगवेगळे हट्ट

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत. लंडन मागच्या खेपेला पाहून झालंय. "मेणाचे पुतळे परत दाखवू नका," असं बाबांनी फोनवरच बजावलंय. म्हणून तीन दिवस दक्षिण इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्सला समुद्राकडे न्यायचं ठरवलं. आम्ही क्रॉयडनला राहतो, ब्रायटनला थेट ट्रेन आहे. स्वतःची गाडी नाही. एक दिवस भाड्याने घेता येईल, पण तिथल्या कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांची नवऱ्याला धास्ती आहे.

आता हट्ट ऐका. बाबा फौजेतून निवृत्त. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. ब्रायटनजवळच्या टेकडीवर हिंदी सैनिकांची स्मारक-छत्री आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलंय, आणि ती पाहायचीच आहे. आईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास चालतात, चढ नको. लेक सहा वर्षांची, तिला वाळूचा किल्ला करायचाय. आणि मला ते पांढरे कडे एकदा डोळे भरून बघायचेत, पण माझं कोण विचारतंय!

१. मुक्काम ब्रायटनला करावा की ईस्टबोर्नला?
२. छत्रीपर्यंत टॅक्सी जाते का?
३. आणखी काय चुकवू नये? (घाईघाईत दहा ठिकाणं नकोत.)

आगाऊ धन्यवाद.

कंदील:
वाळूचा किल्ला ब्रायटनला विसरा. तिथे सगळे गोटे, चप्पल काढली की तळपाय बोंबलतात. आम्ही बादली-फावडं घेऊन गेलो आणि पोरगं गोटे मोजत बसलं. खरी वाळू हवी तर कॅम्बर सँड्स. हेस्टिंग्जहून राय गावाला ट्रेन, तिथून बस. किनारा पार सपाट आहे, भरतीचं पाणी बघता बघता मागून येतं. भरतीचं वेळापत्रक बघूनच जा.

रानवाट:
छत्रीपर्यंत गाडी जात नाही. पॅचमच्या बाजूने कुरणांतून चढत चालावं लागतं, वाटेत गुरं असतात, पावसानंतर चिखल. आईंना नेऊ नका. बाबांना मात्र नक्की न्या.

डिसेंबर १९१४ पासून ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले त्यांच्यापैकी ५३ जणांवर या टेकडीवर अग्निसंस्कार झाले, तिथेच १९२१ साली संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुविशारदाचा, हे बाबांना आवर्जून सांगा. शेजारी नंतर बसवलेल्या दगडावर ५३ नावं आहेत. दरवर्षी जूनमध्ये एका रविवारी तिथे मानवंदना असते. तुमचे दिवस जुळत असतील तर तारीख आधी बघून ठेवा.

तेवढ्या वेळात आई आणि लेक पॅव्हिलियन बघतील. बाहेरून घुमट मोगली, आत सगळा चिनी थाट, राजाची हौस! इस्पितळाच्या काळात धर्म आणि जात सांभाळायला तिथे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती. माझी आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे गावातल्या पंगतीसारखंच की."

मीठभाकर:
माझं मत ईस्टबोर्न. राहायला शांत, फिरायला लांबलचक सपाट पदपथ. ब्रायटनहून ईस्टबोर्नला १२ नंबरची बस समुद्राच्या कडेकडेने जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा, अर्धी सहल तिथेच वसूल.

याच बसने एक्सीटला उतरा. ककमिअर नदी वेटोळी घेत समुद्राला मिळते, काठाकाठाने वाट सपाट आहे. पण जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आसपास होतं, म्हणून आईंना जमेल तिथून मागे फिरा. सेव्हन सिस्टर्स या पांढऱ्या कड्यांचा फोटोतला तो नजारा हवा असेल तर तो पलीकडच्या, सीफर्डच्या बाजूने दिसतो. बीची हेडचा कडा १६२ मीटर उंच आहे आणि त्याचा खडूचा दगड ठिसूळ, कडेला खालून पोकळ असू शकतो. फोटोसाठी कडेवर जाऊ देऊ नका, लेकीचा हात सोडू नका.

उंबरा:
एक दिवस गाडी घेणारच असाल तर बॉडिअमचा किल्ला. १३८५ चा, चहूबाजूंनी पाण्याने भरलेला खंदक. साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यताऱ्यापुढे तो खेळण्यातला वाटेल, पण लेक खूश होईल. आत छप्पर उरलेलं नाही, जिने गोल आणि अरुंद, आईंनी काठावरून बघितला तरी पुरे. जवळच बर्वॉशला किपलिंगचं घर, बेटमन्स. मुंबईत जन्मलेला हा लेखक तिथे १९०२ पासून १९३६ पर्यंत राहिला. त्याचे वडील आपल्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकवत. साम्राज्याबद्दलच्या त्याच्या मतांवर बाबांशी वाद होईल, तो बागेत बसून घाला.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. "त्रेपन्न नावं आहेत ना, मग तिथे वेळ लागेल," एवढंच बोलले. तेव्हा पहिला दिवस ब्रायटन: बाबा आणि नवरा छत्रीला, आम्ही तिघी पॅव्हिलियनला. मुक्काम ईस्टबोर्न. दुसऱ्या दिवशी १२ नंबरची बस आणि एक्सीट. तिसऱ्या दिवशी किल्ला की कॅम्बरची वाळू, यावर घरात दोन तट पडलेत.

कंदील:
वाळू. किल्ला ती स्वतःच बांधेल. आणि छत्री (पावसाची) नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात उलटी होते. टोपीची जाकिटं घ्या.