विज्ञान संस्थेच्या जुन्या प्रयोगशाळा : सामायिक संशोधनासाठी नूतनीकरण करावे का?

कमानदार (धागाकर्ता)
मुंबईतील काळा घोडा परिसरातल्या विज्ञान संस्थेची इमारत जॉर्ज विटेट यांनी रेखाटली. १९११ मध्ये पायाभरणी झालेली ही वास्तू १९२० मध्ये पूर्ण झाली, आणि २०१९ पासून संस्था डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे. माझे मत असे की, अशा वास्तूंतील ‘एका खात्याला एक दालन’ ही वाटणी मोडून रसायन, जीवशास्त्र व संगणन यांना एकत्र काम करता येईल अशी जागा तेथेच तयार करावी. जाड दगडी भिंती आणि उंच छत आयतेच मिळतात, आणि नव्या बांधकामाचे सिमेंट व पोलाद तयार होताना हवेत जाणारा कार्बनही वाचतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थाही १९४९ पासून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होतीच की!

प्रयोगवही
यॉट क्लबचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. त्याच संस्थेला पुढे नेव्हीनगरात स्वतंत्र इमारत बांधावी लागली आणि १९६२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. रसायनाच्या प्रत्येक धूरपेटीतील (प्रयोगातले घातक वायू ओढून घेणाऱ्या पेटीतील) वायू छपराच्या वर सोडावा लागतो, आणि जितकी हवा बाहेर जाते तितकीच नव्याने गार करून आत आणावी लागते. हवेचे हे अवजड नळ कमानीतून नेणार की गच्ची फोडून? शिवाय लाकडी फळ्यांच्या जमिनीवर कोणी चालले तरी सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र हलते. त्यामुळे वारसाही बिघडेल आणि विजेची बचतही होणार नाही.

चुनेवाला
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली. प्रयोगवहींचे म्हणणे ओल्या, म्हणजे रसायने व द्रव हाताळणाऱ्या, प्रयोगांपुरते खरे आहे. संगणन, चर्चा, लेखन आणि हलकी उपकरणे यांना मात्र ही दालने उत्तम. खरा धोका घाईच्या दुरुस्तीचा आहे. एका महाविद्यालयात चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंट थापले गेले. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीखाली हात फिरवला, तर पांढरे क्षार बोटांना लागले आणि गिलाव्याची पापडी हातात आली. भिंतीतली ओल चुन्यातून सुकते, सिमेंटखाली ती कोंडते. त्याच दालनात वातानुकूलनासाठी सागवानी झडपा प्लायवूडने कायमच्या बंद केल्या होत्या. म्हणजे फुकट मिळणारा वारा अडवून वर विजेचे बिल!

शेजारचे कावसजी जहांगीर सभागृहही आठवावे. १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आले. बाहेरचे रूप टिकले, आत नवे मजले चढले, आणि एकसंध सभागृहाचा अनुभव गेला. आत जे बसवाल ते उद्या काढता यावे, एवढी अट हवीच.

वहिवाट
भिंत पाडली म्हणून खाती एकत्र येतात, हा भ्रम आहे. उपकरण कोणाच्या नावावर, देखभालीचा खर्च कोणाकडे आणि कपाटाची किल्ली कोणाजवळ, हे आधी ठरवा. नाहीतर सामायिक दालनातही प्रत्येक कपाटाला वेगळे कुलूप दिसेल.

कमानदार
धूरपेट्यांबाबत मी माघार घेतो. त्या आवारातील नव्या, वेगळ्या भागातच हव्यात. ‘वहिवाट’ यांचा मुद्दा मात्र अर्धाच पटतो. नियम आधी हवेत हे खरे, पण आज दोन खात्यांच्या मध्ये लांबलचक व्हरांडा आणि बंद दारे आहेत, तोवर ते नियम करायला माणसे बसणार तरी कुठे?