फोर बाय फोरचा दांडा टू-व्हीलवर परत येत नाही

प्रश्न (नागपूर): वीस वर्षं जुनी डिझेल जीप. चिखलातून निघून डांबरी रोडवर आलो की ट्रान्सफर केसचा (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) दांडा अडकतो. केस खोलावी लागेल का?

उत्तर १: थांबा भाऊ, आधी खोलू नका. पार्ट-टाइम फोर बाय फोरला (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला) मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. डांबरावर चाकं घसरत नाहीत, वळणावर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात, गिअरवर ताण बसतो. सरळ रेषेत पाच-सहा मीटर रिव्हर्स घ्या, दांडा सुटेल. चारही टायर एकाच मापाचे अन् सारखे झिजलेले हवेत. फरक असला तर सरळ रोडवरही हेच होते.

उत्तर २: ट्रान्सफर केसचं ऑइलही पाहा. भरायचा नट आधी सोडवा, मगच खालचा, ऑइल काढायचा. वरचा जाम निघाला तर रिकामी केस घेऊन बसाल! दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं. ग्रेड मॅन्युअलमधलाच, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

उत्तर ३: लॉकिंग हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर डिझेलने धुऊन ग्रीसचा पातळ हात. ठासून भरलं की हब अडकतात.

प्रश्नकर्ता: रिव्हर्सने सुटला. मागचे टायर बरेच गुळगुळीत निघाले.