मदत हवी आहे : वहिनी अमेरिकन, कन्यादान कोणी करायचं? (सातारा)

करवली_कोरेगाव
नमस्कार. घाईत लिहितेय. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, मुलगी अमेरिकन आहे. लग्न इकडेच, साताऱ्याजवळ कार्यालयात, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. गुरुजी अडून बसलेत. कन्यादान कोण करणार ते आधी सांगा म्हणतात, संकल्पात नाव-गोत्र घ्यावं लागतं. चुलते म्हणतात, भावकीतलं एखादं जोडपं बसवू, विषय संपला. मला ते पटत नाही. आपल्या भागात असं लग्न कोणाच्या घरी झालंय का? तुम्ही काय केलंत? शुक्रवारी पत्रिकेचा मजकूर प्रेसमध्ये द्यायचाय, त्याआधी सांगा.

माणदेशी
मुलीचे आईवडील येणार आहेत का? येणार असतील तर तेच बसतील, अडचण कुठंय? येणार नसतील तर चुलत्यांचं बरोबर आहे. गोत्राचं टेन्शन घेऊ नका. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप सांगतात. आमच्या आतेभावाच्या लग्नात तसंच केलं होतं आणि तिथं तर दोघंही इथलेच होते.

कोर्टाची_पायरी
कन्यादानाचं नंतर बघा, आधी लग्न कायद्यात बसतंय का ते बघा. मुलगी ख्रिश्चन असेल आणि धर्म बदलणार नसेल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, त्याला दोघंही हिंदू लागतात. सप्तपदी झाली, फोटो निघाले, हजार माणूस जेवून गेलं तरी कागदावर लग्न होत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचं नोटिशीआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहणं झालेलं हवं. नोटिशीनंतर आणखी ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. भाऊ सध्या राहतो कुठं?

करवली_कोरेगाव
भाऊ तिकडेच, ओहायोत, आठ वर्षं झाली. दोघं १८ दिवसांच्या रजेवर येतायत. मुलगी ख्रिश्चन आहे, धर्म बदलायचा विषय कोणी काढलेला नाही आणि आम्ही काढणारही नाही. आईवडील येणार आहेत. पण मी कायद्याचं विचारलंच नव्हतं.

कोर्टाची_पायरी
विचारलं नव्हतं तरी सांगावं लागतं. १८ दिवसांत साताऱ्यात हे लग्न नोंदणीनं होऊच शकत नाही.

गावकुस
एवढं कशाला, ग्रामसेवकाकडे अर्ज दिला की दाखला मिळतो. आमच्याकडे एका दिवसात मिळाला.

कोर्टाची_पायरी
ग्रामपंचायत झालेल्या लग्नाची नोंद करते, लग्न लावत नाही. मुळात लग्नच वैध नसेल तर त्या नोंदीचा काय उपयोग? उद्या व्हिसाच्या मुलाखतीत कोणी विचारलं की हे लग्न कुठल्या कायद्याखाली झालं, तर काय सांगणार?

स्वप्न_यूएसए
ताई, भावाला के-१ व्हिसाबद्दल नीट वाचायला सांगा. तिकडे गेल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. आधीच इकडे लग्न केलं तर तो व्हिसा बाद होतो. आमच्या ओळखीत एकाचं दीड वर्ष वाया गेलं.

ओहायोची_लेक
के-१ बाहेरून येणाऱ्या वाग्दत्तासाठी असतो. भाऊ आठ वर्षं तिकडे आहे, त्याचा इथं काही संबंध नाही.

करवलीताई, मी मूळची पाटणची, २१ वर्षं ओहायोत आहे. आमच्या राज्यात लग्नाचं लायसन्स प्रोबेट कोर्टातून मिळतं. थांबावं लागत नाही, मिळाल्यापासून ६० दिवस चालतं. न्यायाधीश किंवा शहराचा मेयरही लग्न लावू शकतो. निघायच्या आधी दोघांनी तिथं कागदावर लग्न करून घ्यावं, दाखल्यावर ॲपोस्टिल (दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून तिकडच्या सरकारचा शिक्का) घ्यावं आणि साताऱ्यात विधी मनासारखे करावेत. माझ्या मुलीचं असंच केलं, जावई अमेरिकन आहेत. आता मूळ प्रश्न. आईवडील येतायत तर चुलत्यांना दुसरं जोडपं का बसवायचंय?

करवली_कोरेगाव
लायसन्सचं आजच भावाला कळवते, खूप आभार. बाकीचं रात्री लिहिते, आत्ता दुकानात आहे.

जुना_सातारकर
दुसरं जोडपं बसवण्यात कमीपणा कसला? हे आजचं नाही. इंदूरचे तुकोजीराव होळकर, तिसरे. त्यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. केवढा गदारोळ झाला होता! नाशिकला तिला हिंदू करून घेतलं, शर्मिष्ठा नाव ठेवलं, धनगर समाजानं तिला आपली म्हटलं, मग लग्न लागलं. मुलीला इथं माहेर मिळतं, सणावाराला जायला एक घर होतं. मानलेले आईबाप ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी असंच एका मुलीचं कन्यादान केलं, आज २६ वर्षं दर दिवाळीला ती मुलगी त्यांच्याकडे येते.

कटगुणची_सून
होळकरांच्या लग्नात तिचं नाव बदललं, धर्म बदलला. या मुलीला तसलं काही करायचं नाहीये हे ताईंनी वर लिहिलंय. आणि मुळात मुलगी दान का द्यायची? आमच्या गावाचं नाव महात्मा फुल्यांच्या घराण्यामुळे सगळ्यांना माहीत आहे. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. त्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांना समोरासमोर वचनं देतात. अमेरिकेत लग्नात दोघं आपापली वचनं बोलतात, तेही असंच असतं. तुमच्या वहिनीला ते चटकन आपलं वाटेल. माझं स्वतःचं लग्न असं झालंय, ४० मिनिटांत, सगळ्यांना शब्द न शब्द कळला.

जुना_सातारकर
घरच्यांना गुरुजी हवेत म्हणून तर त्या विचारतायत. तुम्ही विधीच काढून टाकताय.

कटगुणची_सून
काढून टाकत नाही, दुसरा विधी सांगतेय. दीडशे वर्षं जुना आहे, याच मातीतला आहे.

वाईकर
गुरुजी अडले असतील तर वाईत येऊन विचारा. गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या) कन्या लक्ष्मी यांचं लग्न १९३३ साली पुण्यात झालं, वेगवेगळ्या जातींचं. ते आमच्या वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी लावलं, शास्त्राचा आधार घेऊन. आणि कन्यादानाशिवाय लग्न अडत नाही असं अलाहाबाद उच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये म्हटलंय. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी संस्थेचे पुरोहित प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात, त्यांना बोलवा.

फेटेवाला_राजपथ
पाहुण्यांना फेटे लागतील तर आठ दिवस आधी सांगा. बांधून तयार नको, डोक्यावरच बांधलेला चांगला दिसतो. मोठ्या डोक्याला नऊ मीटर कापड घ्या.

आत्या_रहिमतपूर
करवलीबाई, तुम्ही काहीतरी लिहायचं ठेवलंय. आईवडील येतायत, गुरुजींना जोडपं हवंय, तरी चुलते दुसरं जोडपं शोधतायत. खरी अडचण लिहा, म्हणजे आम्हाला काही सांगता येईल.

करवली_कोरेगाव
आत्या, बरोबर ओळखलंत. मुलीच्या आईवडिलांचा घटस्फोट झालाय, ती नऊ वर्षांची असताना. आईनं दुसरं लग्न केलं. सावत्र वडिलांनी तिला वाढवलं, कॉलेजात घातलं. सख्खे वडीलही तिच्या सगळ्यात आहेत, दर रविवारी फोन असतो. तिघंही येतायत, बरोबर तिचा मामा आणि भाऊ, एकूण नऊ माणसं. गुरुजी म्हणतात जोडपं पाहिजे. जोडपं म्हणजे आई आणि सावत्र वडील, मग सख्खे वडील मांडवात कुठं बसणार? चुलत्यांना भावकीत हा घटस्फोटाचा विषय नकोच आहे. म्हणून म्हणतात, आपलं जोडपं बसवा, त्यांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवा, कोण कोणाचं कोण ते कोणी विचारणार नाही.

हे भावानं तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली की माझे आईवडील समोर बसलेले असताना मला दुसरे आईवडील कशाला? तेव्हापासून मला झोप नाही. ती माणसं दोन विमानं बदलून, मुंबईहून सात तास गाडीत बसून येणार आणि आम्ही त्यांना मुलीच्या लग्नात पाहुणे म्हणून बसवणार? मी करवली आहे, हातात कलश घेऊन तिच्या मागं उभी राहणार. मला तिच्या आईच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे.

माणदेशी
असं आहे होय. मग माझं आधीचं सोडून द्या. चुलत्यांचं चुकतंय.

जुना_सातारकर
मलाही आता तसंच वाटतं. मानलेले आईबाप ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी. इथं तर तीन-तीन आहेत.

ओहायोची_लेक
ताई, एक सांगते. त्यांच्या चर्चमधल्या लग्नात वडील मुलीचा हात धरून तिला आत आणतात आणि जुन्या पद्धतीत पाद्री विचारतो, या मुलीला कोण देतंय? वडील म्हणतात, मी. म्हणजे कन्यादान त्यांना परकं नाही, शब्द वेगळे आहेत. हल्ली मुली आई आणि वडील दोघांच्या मधून चालत येतात, सावत्र वडील असले तर एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. माझ्या मुलीच्या वेळी व्याह्यांकडे हेच होतं, नवऱ्यामुलाची आई वेगळी, सावत्र आई वेगळी. आम्ही दोघींचीही ओटी भरली.

आणि तारीख कोणती धरलीय? नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा असतो. त्या दिवशी तिकडे सगळं घर एका टेबलावर जेवतं, आपल्या दिवाळीला घरी यावं तसं. तुमच्या विहीणबाई तारखेबद्दल काही बोलल्या का?

करवली_कोरेगाव
अहो, गुरुवारीच हळद आहे, शुक्रवारी लग्न. तारीख कळवली तेव्हा त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मला वाटलं फोनची रेंज गेली. भाऊही काही बोलला नाही. आता फोन करते.

पोलीसपाटील_निवृत्त
नऊ परदेशी पाहुणे घरी उतरणार असतील तर २४ तासांत परदेशी माणूस मुक्कामी आल्याचा ऑनलाइन फॉर्म (पूर्वी त्याला सी फॉर्म म्हणत) भरावा लागतो. तो हॉटेललाच नाही, घरालाही लागू आहे. सर्वांच्या पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स काढून ठेवा.

आजीची_नात
त्यांची मुलगी पांढरा ड्रेस घालणार का? आमच्या आजीनं पांढऱ्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं.

ओहायोची_लेक
माझ्या लेकीनं पांढरा तिकडच्या लग्नात घातला, इकडे पिवळी अष्टपुत्री. दोन्ही आज्या खूश. आधी बोलून घेतलं की होतं.

करवली_कोरेगाव
काल रात्री विहीणबाईंशी पाऊण तास बोलले. माझी मुलगी अकरावीला आहे, माझं इंग्रजी अडलं की ती सांगत होती. आधी तारखेची माफी मागितली. त्या म्हणाल्या, लग्न शुक्रवारीच असू दे, पण गुरुवारी दुपारी आम्हा सगळ्यांना तुमच्याबरोबर एका जागी बसून जेवू द्या, मला एवढंच हवंय. हळद संध्याकाळी आहे, त्यामुळे हे सहज जमेल. घरातच पंगत घालणार, दोन्हीकडचे मिसळून बसतील.

मग कन्यादान कसं असतं ते त्यांनी विचारलं. मी फडताळातून आमच्या आजीची पितळी झारी काढली, तोटीजवळ डाग दिलेला आहे तिला. व्हिडिओवर दाखवलं, वडिलांची ओंजळ, तिच्याखाली मुलीची, तिच्याखाली नवऱ्याची आणि वरून आई पाण्याची धार सोडते. त्या म्हणाल्या, पाणी ओतून दाखव. मी स्वयंपाकघरातल्या बेसिनवर धरली. धार बारीक ठेवायची की मोठी, मध्ये तुटली तर चालते का, असं विचारत होत्या. दोनदा ओतायला लावलं. मग म्हणाल्या, मी घरी किटलीनं सराव करीन.

आज सकाळी गुरुजींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. त्यांनी एकच विचारलं, दोघंही हयात आहेत ना, दोघांची संमती आहे ना? मग ओंजळ वडिलांची, धार आईची. नवरा-बायको म्हणून नाही, मुलीचे आईबाप म्हणून दोघांची नावं संकल्पात वेगवेगळी घेतो म्हणाले. गोत्र काश्यप. सावत्र वडिलांनी स्वतःच भावाला सांगितलंय की मला तिच्या मागं उभं राहायचंय, म्हणून ते मामाच्या शेजारी पाठीराखे उभे राहतील. चुलते अजून माझ्याशी बोलत नाहीत. वडील म्हणाले, येईल तो, लग्नाला घरात बसणार नाही.

पत्रिकेत मात्र अडकलेय. ‘यांची कन्या’ असं लिहिताना तीन नावं कशी घालायची?

कटगुणची_सून
सरळ तिन्ही नावं एकाखाली एक, आईचं सगळ्यात वर. नाती लिहूच नका. वाचणारा वाचेल.

जुना_सातारकर
आईचं नाव वर, हे मलाही मान्य आहे.

आत्या_रहिमतपूर
त्या गुरुवारच्या जेवणाला त्यांच्याकडे लाल भोपळ्याचं गोड लागतं असं माझ्या पुतणीनं सांगितलंय. आपल्याकडे भोपळ्याचे घारगे आहेतच की. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ, मोहन कडकडीत. पाणी अजिबात घालायचं नाही, नाहीतर तेल पितात. रहिमतपूर ते तुमचं गाव अर्ध्या तासाचं अंतर. त्यांची नऊ, तुमची घरची किती ते कळवा. मी बुधवारी रात्री करून ठेवते, गुरुवारी सकाळी कोणाला तरी डबा न्यायला पाठवा.

करवली_कोरेगाव
आत्या, घरची बावीस. डबा न्यायला मी स्वतः येते.